ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर इनलाइन असेंब्लीतील बेरीज चुकते: कन्स्ट्रेंटमध्ये काय राहिले आहे?

टॉवेलमाग_फर्मवेअर (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

नमस्कार. टेरी टॉवेलच्या मागांवर बसवायचे, पिक (आडव्या धाग्याची एकेक फेरी) मोजणारे एक छोटे यंत्र आम्ही तयार करीत आहोत. त्यात आर्मचा कॉर्टेक्स-एम४ हा प्रोसेसर आहे आणि कंपायलर (सी कोडचे प्रोसेसरच्या आदेशांत रूपांतर करणारा प्रोग्राम) जीसीसी आहे. प्रत्येक मागाचे पिक, थांबे आणि थांबण्याचे कारण यांचे पॅकेट आरएस-४८५ या तारेच्या जोडणीवरून शेडमधल्या संगणकाकडे जाते. पॅकेटच्या शेवटी ३२ बिटांचा चेकसम (पॅकेट बिघडले नाही ना हे तपासण्याची बेरीज) असतो आणि तो काढताना बेरजेतून बाहेर पडलेला कॅरी (३२ बिटांत न मावलेला हातचा) पुन्हा बेरजेतच मिळवावा लागतो. सी भाषेत कॅरी फ्लॅग (कॅरी निघाला का ते दाखवणारा प्रोसेसरमधील बिट) थेट हाती येत नाही, म्हणून एवढाच भाग मी इनलाइन असेंब्लीत, म्हणजे सी कोडच्या आतच प्रोसेसरचे आदेश देऊन, लिहिला.

आधी एका वेळी एकच वर्ड (३२ बिटांचा आकडा) मिळवणारे फंक्शन होते आणि ते बराच काळ व्यवस्थित चालले. वेग वाढवण्यासाठी मी ते एका वेळी दोन वर्ड घेणारे केले. आता त्याला तीन इनपुट आहेत आणि टेम्प्लेटमध्ये (आदेशांच्या मजकुरात) पुढील तीन ओळी आहेत:

ॲड्स %०, %१, %२
एडीसीएस %०, %०, %३
एडीसी %०, %०, #०

इथे %० हे आउटपुट आणि %१ ते %३ ही इनपुट आहेत; ॲड्स बेरीज करून कॅरी फ्लॅगमध्ये ठेवतो, एडीसीएस आणि एडीसी तो कॅरीही बेरजेत मिळवतात. आउटपुटला "=आर" आणि तिन्ही इनपुटना "आर" हे कन्स्ट्रेंट (किंमत कुठे ठेवायची ते कंपायलरला सांगणारी खूण; "आर" म्हणजे रजिस्टर, प्रोसेसरमधील साठवणीची छोटी जागा) दिले आहे. क्लॉबरची यादी (असेंब्ली आणखी काय बदलते त्याची नोंद) रिकामी आहे. लूपमध्ये मी या फंक्शनला पहिला वर्ड, दुसरा वर्ड आणि आतापर्यंतची बेरीज या क्रमाने इनपुट देतो आणि उत्तर पुन्हा त्याच बेरजेच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो.

ओ-० ला (ऑप्टिमायझेशन बंद असताना) चेकसम बरोबर येतो. ओ-२ ला (ऑप्टिमायझेशन चालू असताना) मात्र पॅकेट कितीही मोठे असले तरी उत्तर केवळ शेवटच्या दोन वर्डांच्या बेरजेच्या दुप्पट येते, जणू आधीची सगळी बेरीज कोणी पुसून टाकली आहे. हेच फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तपासले तर ओ-२ लाही ते बरोबर चालते. लूपमध्ये असेंब्लीनंतर जुनी बेरीज छापणारी ओळ टाकली की चूक नाहीशी होते आणि ती ओळ काढली की परत येते. व्होलटाइल लावून पाहिले, काही फरक पडला नाही. हा कंपायलरचा दोष समजावा की माझ्या लिखाणातील?

---

होटगीरोड_एम्बेडेड

दोष कंपायलरचा नाही. आपण दिलेल्या कन्स्ट्रेंटचा जो अर्थ होतो, तोच त्याने अमलात आणला आहे.

टेम्प्लेटमधल्या आदेशांचा अर्थ जीसीसी लावत नाही. त्याच्या दृष्टीने ती केवळ अक्षरांची एक लांब ओळ असते, जिच्यात %०, %१ यांच्या जागी रजिस्टरांची नावे भरून ती असेंबलरकडे (आदेशांचा मजकूर यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवायची असते. असेंब्लीचा सी कोडशी असलेला सगळा संबंध त्याला कन्स्ट्रेंटच्या अक्षरांवरून आणि क्लॉबरच्या यादीवरूनच कळतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये असेंबलर आतच जोडलेला असल्यामुळे तो मजकूर वाचला जातो खरा, परंतु रजिस्टरांचे वाटप करताना तिथेही आदेशांकडे पाहिले जात नाही.

आता "=आर" म्हणजे काय ते पाहू. हे आउटपुट एखाद्या सर्वसाधारण रजिस्टरमध्ये मिळेल आणि त्यातील जुनी किंमत कोणाला नको आहे, एवढे त्यातून सांगितले जाते. मात्र त्यासोबत एक न लिहिलेले गृहीतक येते: सर्व इनपुट वाचून झाल्यानंतरच आउटपुट लिहिले जाईल. हे गृहीत धरल्यामुळे, ज्या इनपुटची किंमत असेंब्लीनंतर लागणार नाही त्याचे रजिस्टर आउटपुटला देऊन टाकण्यास कंपायलर मोकळा असतो, आणि रजिस्टर वाचवण्यासाठी तो तसे आवर्जून करतो.

आपल्या टेम्प्लेटची पहिलीच ओळ %० मध्ये लिहिते आणि %३ दुसऱ्या ओळीत वाचला जातो, म्हणजे ते गृहीतक इथे मोडते. लूपमध्ये %३ ही जुनी बेरीज आहे आणि %० ही नवी. दोन्हींचे व्हेरिएबल एकच आणि जुन्या किमतीचे आयुष्य तिथेच संपते, त्यामुळे त्यांना एकच रजिस्टर मिळणे अगदी स्वाभाविक आहे. समजा ते आर-३ आहे. मग पहिली ओळ दोन वर्डांची बेरीज आर-३ मध्ये लिहून जुनी बेरीज नष्ट करते आणि दुसरी ओळ आर-३ मध्ये आर-३ च मिळवते. दुप्पट उत्तराचे कारण हे आहे. ऑब्जडंप (तयार झालेले आदेश दाखवणारे साधन) लावून लूपचा भाग पाहा, एडीसीएसच्या ओळीत तिन्ही ठिकाणी एकच रजिस्टर दिसेल.

वेगळ्या फाइलमध्ये फंक्शन बरोबर का चालते, हेही यावरूनच कळते. आर्मच्या फंक्शन-कॉलच्या नियमांनुसार पहिले तीन आर्ग्युमेंट आर-०, आर-१, आर-२ मध्ये येतात आणि उत्तर आर-० मध्ये परत करायचे असते. त्यामुळे आउटपुटला आर-० मिळते, म्हणजे ते %१ शी जुळते, आणि %१ तर पहिल्याच ओळीत वाचून झालेला असतो. म्हणजे चाचणी उत्तीर्ण झाली ती योगायोगाने. छापणारी ओळ टाकली की जुनी बेरीज असेंब्लीनंतरही लागते, म्हणून तिचे रजिस्टर दुसऱ्याला देता येत नाही आणि चूक झाकली जाते. ओ-० ला व्हेरिएबल स्टॅकवर (मेमरीत) राहतात व असेंब्लीपुरते रजिस्टरमध्ये आणले जातात. तिथे आउटपुट नेमके %३ वर पडले नाही एवढेच, पण तसे पडणार नाही याची हमी ओ-० सुद्धा देत नाही. आपली एका वर्डची जुनी आवृत्ती मात्र खरोखर बरोबर होती, कारण तिचे दोन्ही इनपुट पहिल्याच आदेशात वाचले जात होते.

उपाय एका चिन्हाचा आहे. आउटपुटला "=&आर" द्या. & या चिन्हाला अर्ली क्लॉबर म्हणतात. सर्व इनपुट वाचून होण्याआधीच हे आउटपुट लिहिले जाऊ शकते, तेव्हा ते कोणत्याही इनपुटच्या रजिस्टरमध्ये ठेवू नये, असे त्यातून कळवले जाते. दुसरा मार्ग असा की बेरजेला "+आर" देऊन ती वाचली-लिहिली जाणारी एकच ऑपरंड (आदेश ज्यावर चालतो ती किंमत) करावी आणि टेम्प्लेट तिच्यात एकेक वर्ड मिळवत जावे. परंतु तेथेही & सोडू नका. "+आर" असलेल्या बेरजेची आणि एखाद्या इनपुटची किंमत सारखीच आहे असे कंपायलरला दिसले, तर तो दोघांना एक रजिस्टर देऊ शकतो. पहिला वर्ड मिळवताच ते रजिस्टर बदलले आणि दुसरा वर्ड त्यातूनच वाचायचा राहिला, तर पुन्हा हाच घोटाळा होईल. "+&आर" लिहिले की प्रश्न मिटतो.

क्लॉबरची यादी रिकामी ठेवू नका, तिथे "सीसी" (फ्लॅग बदलतात असे कळवणारा शब्द) लिहा. एक्स-८६ या पीसीच्या प्रोसेसरवर जीसीसी फ्लॅग बदललेलेच धरून चालतो, त्यामुळे तिकडून उचललेल्या नमुन्यांत ते नसले तरी निभावते. आर्मवर तसे नाही. आपल्या टेम्प्लेटच्या तिन्ही आदेशांचा फ्लॅगशी संबंध आहे आणि त्यातले दोन ते बदलतात. तुलना आणि तिच्यावर अवलंबून असलेला ब्रँच (दुसऱ्या ठिकाणी उडी मारणारा आदेश) यांच्या मधोमध कंपायलरने ही असेंब्ली आणून ठेवली, तर लूप चुकीच्या जागी थांबेल.

व्होलटाइलचा इथे काही संबंध नाही. असेंब्ली अनावश्यक वाटली तरी ती काढून टाकू नये, यासाठी तो शब्द आहे. रजिस्टरांच्या वाटपावर त्याचा परिणाम होत नाही.

---

टॉवेलमाग_फर्मवेअर

मनापासून आभार. ऑब्जडंपमध्ये एडीसीएसच्या ओळीत खरोखरच तिन्ही ठिकाणी एकच रजिस्टर होते. & लावल्यावर चेकसम बरोबर येऊ लागला आणि "सीसी" ही जोडले. पण एक गोष्ट खटकते. चुकण्याचा धोका इतका असेल, तर & नसलेला अर्थच मूळ अर्थ का ठरवला गेला? सुरक्षित पर्याय आपोआप मिळावा आणि ज्याला रजिस्टर वाचवायचे असेल त्याने वेगळे चिन्ह लावावे, असे का नाही? पूर्वी आम्ही कायल या कंपनीचा जुना कंपायलर वापरत होतो, तिथे असेंब्लीत सी चे व्हेरिएबल सरळ नावाने लिहिले जात असत आणि हा प्रश्नच येत नसे.

---

जुळेसोलापूर_कंपायलर

आपल्या प्रश्नाचे उत्तर या कन्स्ट्रेंटच्या भाषेच्या उगमात सापडते. ही भाषा मुळात आपल्यासारख्यांसाठी तयार झालेली नव्हती. जीसीसीमध्ये प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन करणाऱ्या फायली असतात आणि त्यात एकेका आदेशाला कोणत्या प्रकारचे ऑपरंड चालतात ते "आर" (रजिस्टर), "एम" (मेमरी), "आय" (स्थिर आकडा) अशाच अक्षरांनी लिहिलेले असते. तीच अक्षरे, तीच चिन्हे आणि रजिस्टर वाटणारी तीच यंत्रणा इनलाइन असेंब्लीसाठी खुली करण्यात आली. त्या फायलींत एक नमुना म्हणजे बहुधा एक आदेश, आणि एकटा आदेश आपले इनपुट वाचूनच आउटपुट लिहितो. तिथे रजिस्टर सामायिक करणे हाच योग्य मूळ अर्थ आहे. आपण एका टेम्प्लेटमध्ये तीन आदेश लिहितो आणि कंपायलर मात्र त्या तिन्हींना मिळून एकच आदेश समजतो, तिथे ही फट पडते.

आपल्या मनातला उलटा पर्याय रस्ट या भाषेने निवडला आहे. २०२२ मधील १.५९ या आवृत्तीत रस्टची इनलाइन असेंब्ली स्थिर झाली. तिथे साधे "आउट" लिहिले तर ते रजिस्टर कोणत्याही इनपुटशी सामायिक होत नाही. सामायिक करायची परवानगी द्यायची असेल तर "लेटआउट" असे मुद्दाम लिहावे लागते. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण विसरल्याचा दंड एखाद्या रजिस्टरपुरताच राहतो, चुकीच्या उत्तरापर्यंत जात नाही. जीसीसीला आता तसे करता येणार नाही. वर्षानुवर्षे लिहिलेला कोड जुन्या अर्थावर उभा आहे.

कायलचा जुना कंपायलर, म्हणजे आर्मसीसी ५, असेंब्लीचे आदेश स्वतः समजून घेत असे, म्हणून कोणते व्हेरिएबल कधी वाचले जाते हे त्याला ठाऊक असे. आर्म कंपायलर ६ एलएलव्हीएमवर (क्लँगच्या पायाशी असलेल्या कंपायलर-संचावर) बांधलेला आहे आणि त्याने जीसीसीचीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे जुना कोड नव्या कंपायलरवर नेताना नेमक्या याच जागी माणसे अडखळतात.

& चा आणखी एक उपयोग नमूद करतो, कारण तो लिखाणाच्या क्रमाशी नव्हे, तर प्रोसेसरच्या नियमाशी निगडित आहे. सीएमएसआयएस या आर्मच्या लायब्ररीच्या फायलीत एसटीआरईएक्स (मध्ये दुसऱ्या कोणी हात घातला नसेल तरच मेमरीत लिहिणारा आदेश) या एकाच आदेशाच्या टेम्प्लेटमध्ये निकालाच्या ऑपरंडला "=&आर" दिलेले आढळेल. टेम्प्लेटमध्ये दुसरा आदेशच नसताना अर्ली क्लॉबर कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. आर्मच्या नियमानुसार या आदेशात निकालाचे रजिस्टर हे पत्त्याच्या किंवा लिहायच्या किमतीच्या रजिस्टराहून वेगळे असलेच पाहिजे, अन्यथा काय घडेल हे अनिश्चित आहे. कंपायलरला हा नियम कळवण्यासाठी & हाच मार्ग उपलब्ध आहे. त्याच फायलीत पत्त्यासाठी "एम" न वापरता "क्यू" वापरलेले आहे. त्या आदेशांना आर्मच्या सगळ्या पत्ता-पद्धती चालत नाहीत. "एम" दिले तर कंपायलर बेस अधिक इंडेक्स (दोन रजिस्टरांची बेरीज) असा पत्ता भरून मोकळा होईल आणि मग असेंबलर तक्रार करील. "क्यू" म्हणजे पत्ता एकाच रजिस्टरमध्ये आणून द्या.

"एम" आणि "क्यू" वापरणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट अशी: मेमरीतील ऑपरंडचा पत्ताही कोणत्या तरी रजिस्टरमध्येच असतो, आणि कंपायलर त्या रजिस्टरला इनपुटच समजतो. त्यामुळे & नसलेले आउटपुट त्या पत्त्याच्या रजिस्टरवरही बसू शकते. आपण उद्या %३ ला "आर" ऐवजी "एम" करून टेम्प्लेटमध्येच लोड केले, तर ॲड्सची ओळ पत्ताच पुसून टाकील आणि पुढचे लोड भलत्याच जागेवरून होईल. आज निदान उत्तर चुकत होते, तेव्हा हार्डफॉल्ट (प्रोसेसरला काम थांबवायला लावणारी गंभीर चूक) येऊ शकेल.

---

विजापूररोड_अंतिमवर्ष

सर, याच विषयातील एक अडचण मांडतो. आमच्या प्रकल्पात एसएसएटी (आकडा ठरावीक बिटांच्या मर्यादेत ठेवणारा आदेश) या आदेशासाठी मी एक इनलाइन फंक्शन लिहिले आहे. किती बिटांपर्यंत मर्यादा घालायची तो आकडा फंक्शनचे पॅरामीटर आहे आणि त्याला "आय" हे कन्स्ट्रेंट दिले आहे. ओ-२ ला ते चालते, पण डीबग करण्यासाठी ओ-० केले की कन्स्ट्रेंट अशक्य असल्याचा एरर येतो. फंक्शनला प्रत्येक ठिकाणी मी १६ हाच आकडा देतो. तरीही तो स्थिर आकडा का मानला जात नाही?

---

जुळेसोलापूर_कंपायलर

आपला प्रकार वरच्या प्रश्नाच्या अगदी उलट आहे आणि त्यामानाने सुखाचा आहे, कारण इथे कंपायलर गप्प न बसता एरर देतो.

"आय" म्हणजे आदेशातच कोरला जाणारा स्थिर आकडा. ओ-२ ला आपले फंक्शन कॉलच्या जागी उलगडले जाते, १६ हा आकडा पॅरामीटरच्या जागी पोचतो आणि कन्स्ट्रेंट तपासण्याची वेळ येते तेव्हा तिथे खरोखरच स्थिर आकडा असतो. ओ-० ला फंक्शन स्वतंत्र राहते. त्याच्या आत ते पॅरामीटर म्हणजे स्टॅकवरचे एक सामान्य व्हेरिएबल. "आर" मागितले असते तर कंपायलरने ते रजिस्टरमध्ये लोड करून दिले असते आणि "एम" मागितले असते तर रजिस्टरमधील किंमत स्टॅकवर नेऊन ठेवली असती. अशी ने-आण तो आपणहून करतो. व्हेरिएबलचा स्थिर आकडा मात्र त्याला करता येत नाही. म्हणून सीएमएसआयएसमध्ये जीसीसीसाठी एसएसएटी हे फंक्शन नसून मॅक्रो आहे. मॅक्रोमध्ये आकडा मजकुराच्या पातळीवरच टेम्प्लेटपर्यंत पोचतो, मग ऑप्टिमायझेशन असो वा नसो. आपणही तो मॅक्रोच वापरावा.

---

होटगीरोड_एम्बेडेड

चर्चा मेमरीकडे वळलीच आहे तर मूळ प्रश्नकर्त्यांना एक सूचना द्यायची आहे. वेग वाढवण्याच्या भरात पुढची पायरी म्हणून आपण संपूर्ण लूपच असेंब्लीत नेण्याची शक्यता आहे. तसे केले आणि बफरचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) "आर" ने आत दिला, तर कंपायलरला फक्त पॉइंटरची किंमत वापरली जाते एवढेच कळते. तो पॉइंटर ज्या जागेकडे बोट दाखवतो तिथला मजकूर असेंब्ली वाचणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा वेळी पॅकेटमध्ये पिकचा आकडा भरणारी ओळ तो असेंब्लीच्या नंतर ढकलू शकतो आणि चेकसम शिळ्या पॅकेटचा निघतो. क्लॉबरमध्ये "मेमरी" लिहिणे हा सरधोपट उपाय आहे. त्याची किंमत अशी की रजिस्टरमध्ये धरून ठेवलेल्या, मेमरीतल्या इतर किमतीही पुन्हा लोड कराव्या लागतात. नेमका उपाय म्हणजे संपूर्ण बफर हा एक ॲरे आहे असे दाखवणारे "एम" प्रकारचे जादा इनपुट द्यावे, जे टेम्प्लेटमध्ये कुठेही वापरले जात नाही आणि केवळ कंपायलरला जाणीव देण्यासाठी असते. पॉइंटर लूपमध्ये पुढे सरकत असेल तर त्याला "+आर" द्यावे. निव्वळ इनपुट म्हणून दिलेले रजिस्टर टेम्प्लेटमध्ये बदलू नये, आणि तेच रजिस्टर क्लॉबरच्या यादीत टाकून सुटका होत नाही, कारण क्लॉबर आणि ऑपरंड यांनी एकमेकांवर पाय ठेवलेला जीसीसीला चालत नाही.

---

सातरस्ता_जुना_हात

सर्व उत्तरे बरोबर आहेत. पण या कामासाठी असेंब्ली मुळात लागते का, हे कोणी विचारले नाही.

बेरजेसाठी ६४ बिटांचे व्हेरिएबल घ्या आणि त्यात ३२ बिटांचे वर्ड सी भाषेतच मिळवत जा. बाहेर पडलेले सगळे कॅरी वरच्या ३२ बिटांत जमा होत राहतील. लूप संपल्यावर वरचा अर्धा भाग खालच्यात मिळवा, त्यातूनही कॅरी निघाला तर तो एकदा पुन्हा मिळवा, चेकसम तयार आहे. कॉर्टेक्स-एम४ साठी या एका बेरजेचे जीसीसी स्वतःच ॲड्स आणि एडीसी असे दोन आदेश करतो. म्हणजे आपण हाताने जे लिहू पाहत होता त्याच्या अगदी जवळचे. वर त्यात लूप उलगडण्याची आणि लोड मागेपुढे करण्याची मोकळीक कंपायलरला राहते, जी टेम्प्लेटच्या आत त्याला कधीच मिळत नाही. कॅरी झाला की नाही एवढेच हवे असेल तर ओव्हरफ्लो तपासणारी बिल्ट-इन फंक्शने जीसीसी ५ पासून आहेत.

आणखी एक व्यावहारिक कारण. उद्या खर्च कमी करण्यासाठी तुम्ही कॉर्टेक्स-एम० या लहान प्रोसेसरवर गेलात तर हे टेम्प्लेट तिथे असेंबल होणार नाही. एडीसीला तिथे #० असा आकडा चालत नाही, शून्य आधी रजिस्टरमध्ये ठेवावा लागतो, आणि ॲड्ससाठी आर-० ते आर-७ यांपैकीच रजिस्टर लागते, ज्यासाठी "एल" हे वेगळे कन्स्ट्रेंट आहे. सी मधला लूप मात्र एका अक्षराचा बदल न करता चालेल.

---

टॉवेलमाग_फर्मवेअर

६४ बिटांची आवृत्ती करून पाहिली. ऑब्जडंपमध्ये आतल्या लूपमध्ये एक लोड, एक ॲड्स आणि एक एडीसी दिसतो, आणि ओ-० व ओ-२ या दोन्हींना तसेच फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवूनही चेकसम सारखाच येतो. चेकसममधील असेंब्ली काढून टाकत आहे. यंत्रात आता एसटीआरईएक्स वापरणारी एकच जागा उरते. तिथे मी स्वतः लिहिलेल्या टेम्प्लेटमध्ये "=आर" आणि "एम" होते, म्हणून त्या जागी सीएमएसआयएसचे फंक्शन वापरले आहे.